विश्लेषण : एका 'झेरॉक्स'मागे किती शोध? टोनरची भुकटी कागदावर बसते कशी आणि कार्ट्रिजचे भांडण नेमके कशावरून?

रेशनकार्ड असो, गुणपत्रिका असो की सातबारा. अर्जाला 'दोन झेरॉक्स जोडा' ही सूचना काही टळत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आपण काही सेकंदांत, एक-दोन रुपयांत गरम कागद हातात घेऊन बाहेर पडतो. ही स्वस्ताई एका शोधाने आलेली नाही. १९३८ मध्ये एका भाड्याच्या खोलीत यशस्वी झालेल्या प्रयोगाचे कार्यालयात वापरता येईल असे यंत्र व्हायला २१ वर्षे लागली. ते सामान्य माणसाच्या आवाक्यात यायला त्यानंतर आणखी दोन दशके गेली. या काळात सेलेनियमचा ड्रम, लेझर, फिरता आरसा, एकत्रित कार्ट्रिज असे अनेक शोध एकमेकांवर रचले गेले आणि त्यांच्यावर पेटंटची कुलुपेही लागली. आज यंत्र स्वस्त झाले आहे, पण कुलूप कार्ट्रिजवर येऊन बसले आहे. हा प्रवास नेमका कसा झाला?

कार्बन पेपर असताना नव्या यंत्राची गरज का भासली?

कार्बन पेपरने प्रत निघते, पण ती मजकूर टाइप करतानाच काढावी लागते. आधीच तयार असलेल्या कागदाची प्रत त्याने निघत नाही. सायक्लोस्टाइलसाठी आधी स्टेन्सिल कापावे लागे. कागदाचा फोटो काढणारी 'फोटोस्टॅट' यंत्रे होती, पण ती महाग होती आणि त्यात रसायने, ओले कागद व वाट पाहणे आलेच. उरलेला मार्ग म्हणजे पुन्हा टाइप करणे आणि मग ताडून पाहणे.

हा त्रास चेस्टर कार्लसन रोज पाहत होते. १९०६ मध्ये सिएटल येथे जन्मलेले कार्लसन गरिबीत वाढले. १९३० मध्ये त्यांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, अर्थात कॅलटेकमधून भौतिकशास्त्राची पदवी घेतली. मंदीच्या काळात, १९३३ मध्ये बेल लॅब्जमधील नोकरी गेली. पुढे ते न्यूयॉर्कमध्ये पी. आर. मॅलरी या कंपनीच्या पेटंट विभागात लागले. पेटंटच्या अर्जांना आणि आकृत्यांना अनेक प्रती लागत आणि त्या कधीच पुरेशा नसत. संध्याकाळी ते कायद्याचे शिक्षण घेत. पुस्तके विकत घेणे परवडत नसल्याने ग्रंथालयात बसून हाताने उतरवून घ्यावे लागे. त्यातच संधिवाताने ग्रासलेले.

रसायनांच्या वाटेने मोठ्या फोटोग्राफी कंपन्या आधीच गेल्या असणार, हे ओळखून कार्लसन यांनी विजेची वाट धरली. त्यामागची मूळ कल्पना जुनी होती. १७७७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ख्रिस्तोफ लिश्टेनबर्ग यांना असे आढळले होते, की विद्युतभारित राळेवर भुकटी टाकली की ती प्रभाराच्या खुणांवर चिकटून आकृती दिसू लागते. हंगेरीचे पॉल सेलेन्यी यांनी विसाव्या शतकात याच धर्तीवर विजेने चित्र उमटवण्याचे प्रयोग केले होते. ते शोधनिबंध कार्लसन यांच्या वाचनात आले. त्यांनी त्यात भर घातली ती प्रकाशाची.

२२ ऑक्टोबर १९३८ रोजी काय घडले?

काही पदार्थ अंधारात वीज अडवून धरतात आणि उजेड पडताच ती वाहू देतात. गंधक त्यापैकीच एक. कार्लसन यांनी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात एक खोली भाड्याने घेतली आणि ऑस्ट्रियातून आलेल्या ओटो कोर्नाई यांना मदतीला ठेवले.

कोर्नाई यांनी जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर चढवला. काचेच्या पट्टीवर शाईने '१०-२२-३८ अ‍ॅस्टोरिया' असे लिहिले. खोलीत अंधार करून गंधकाचा थर रुमालाने घासला. फुगा केसांवर घासल्यावर होते तसा त्यावर प्रभार जमा झाला. मग वर काचेची पट्टी ठेवून काही सेकंद प्रखर दिवा लावला. जिथे उजेड पोहोचला तिथला प्रभार निघून गेला, अक्षरांच्या सावलीतला टिकला. त्यावर लायकोपोडियम या वनस्पतीच्या बीजाणूंची बारीक भुकटी टाकून फुंकर मारली. सगळी भुकटी उडाली, अक्षरांवरची तेवढी राहिली. मेणकागद दाबून ती उचलली आणि गरम करून पक्की केली. ना शाई, ना पाणी.

या तत्त्वावरचे मुख्य पेटंट कार्लसन यांना ६ ऑक्टोबर १९४२ रोजी मिळाले. मात्र आयबीएम, जनरल इलेक्ट्रिक, आरसीए यांच्यासह वीसहून अधिक कंपन्यांनी त्यांना परत पाठवले. दाखवायला एक पत्रा, थोडी भुकटी आणि धुरकट अक्षरे एवढेच होते. कोर्नाईही दुसरी नोकरी धरून गेले आणि भविष्यातील उत्पन्नात दहा टक्के वाटा देणारा करार त्यांनी सोडून दिला. पुढे यश मिळाल्यावर कार्लसन यांनी आठवणीने त्यांना झेरॉक्स कंपनीचे शंभर शेअर भेट दिले.

आजच्या यंत्राच्या आत नेमके काय होते?

८० हून अधिक वर्षांनंतरही क्रम तोच आहे. फक्त पत्र्याची जागा फिरत्या ड्रमने घेतली आहे.

पहिली पायरी, प्रभार. अंधारात ड्रमवर स्थिर विद्युत पसरवली जाते. पूर्वी यासाठी हजारो व्होल्टची बारीक तार असे. तिच्याभोवतीची हवा विद्युतभारित होताना ओझोन तयार होई. जुन्या झेरॉक्सच्या दुकानातला तो उग्र वास त्याचाच. आता बहुतेक लहान यंत्रांत रबरी रोलर हे काम करतो.

दुसरी, प्रकाश. जुन्या यंत्रात मूळ कागदावर दिवा फिरतो. कागदाच्या पांढऱ्या भागावरून परतलेला उजेड ड्रमवरचा प्रभार घालवतो, काळ्या अक्षरांच्या जागचा प्रभार शिल्लक राहतो. हे न दिसणारे, केवळ प्रभाराचे चित्र असते.

तिसरी, टोनर. विरुद्ध प्रभाराची भुकटी त्या चित्राकडे ओढली जाते आणि अक्षरे दिसू लागतात.

चौथी, कागद. कागदाच्या मागून आणखी तीव्र विद्युत ओढ दिली जाते. भुकटी ड्रम सोडून कागदावर उतरते.

पाचवी, उष्णता. या क्षणापर्यंत अक्षरे नुसती कागदावर ठेवलेली असतात; बोट फिरवले तर पुसली जातील. सुमारे दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या रोलरमधून कागद जाताच भुकटी वितळून कागदाच्या तंतूंना धरते. हातात येणारा कागद गरम असतो तो यामुळे.

शेवटी ड्रमवर राहिलेली भुकटी पट्टीने खरवडली जाते, उरलासुरला प्रभार घालवला जातो आणि ड्रम पुढच्या पानासाठी कोरा होतो. मिनिटाला वीस-तीस पाने काढणाऱ्या यंत्रात हे सगळे दर दोन-तीन सेकंदांनी घडते.

कल्पनेपासून यंत्रापर्यंत २१ वर्षे का लागली?

कारण या प्रत्येक पायरीचा वेगळा शोध लागायचा होता. १९४४ मध्ये ओहायो राज्यातील कोलंबस येथील बॅटेल मेमोरियल इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने कार्लसन यांच्याशी करार केला. तिथल्या संशोधकांनी रुमाल, गंधक आणि बीजाणू या तिन्हींना पर्याय शोधले. रुमालाऐवजी उच्च दाबाची तार आली. विल्यम बिक्सबी यांच्या कामातून गंधकापेक्षा उजेडाला कितीतरी अधिक प्रतिसाद देणारे सेलेनियम पुढे आले.

तिसरी अडचण भुकटीची होती. ती नुसती शिंपडली तर पांढऱ्या जागेवरही बसे आणि पान मळकट दिसे. एडवर्ड वाइज यांनी बारीक टोनर जाड दाण्यांमध्ये मिसळला. दाणे आणि भुकटी एकमेकांवर घासून भुकटीला नेमका हवा तो प्रभार मिळतो. दाणे तिला ड्रमपर्यंत वाहून नेतात आणि पांढऱ्या जागेवरून परतही आणतात. पुढे आरसीएच्या संशोधकांनी लोहकणांचा चुंबकीय ब्रश वापरला. मोठ्या यंत्रांत आजही 'डेव्हलपर' नावाने जे वेगळे भरले जाते, ते हे वाहक कणच.

न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील हॅलॉइड या फोटोपेपर बनवणाऱ्या लहान कंपनीने १९४७ मध्ये परवाना घेतला. 'कोरडे' आणि 'लेखन' या अर्थांचे ग्रीक शब्द जोडून 'झेरोग्राफी' हे नाव ठरले आणि प्रयोगाला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, २२ ऑक्टोबर १९४८ रोजी ते जाहीर करण्यात आले. १९४९ मधले पहिले यंत्र हाताने चालवायचे होते. एका प्रतीसाठी डझनावारी कृती कराव्या लागत. कार्यालयांत ते चालले नाही. ऑफसेट छपाईच्या कागदी प्लेट बनवण्यासाठी मात्र खपले आणि कंपनी तगली.

खरा बदल १९५९ च्या 'झेरॉक्स ९१४' ने केला. ९ बाय १४ इंचांपर्यंतचा साधा कागद चाले, म्हणून हे नाव. वजन सुमारे २९४ किलो, वेग मिनिटाला सात प्रती. ड्रम साफ करायला सशाच्या केसांचा ब्रश होता. कागद अडकला की उष्णतेने पेट घेई, म्हणून सोबत आग विझवण्याचे नळकांडेही दिले जाई. विकत घ्यायचे तर २७,५०० डॉलर लागत. एवढे पैसे कोण देणार, म्हणून कंपनीने ते भाड्याने दिले आणि प्रतींच्या संख्येवर पैसे घेतले. यंत्रावर नव्हे तर प्रत्येक पानावर कमवायचे, हा हिशेब तेव्हापासूनचा.

लेझर प्रिंटर कुठून आला?

कॉपियरला समोर मूळ कागद लागतो. झेरॉक्समधील अभियंते गॅरी स्टार्कवेदर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस प्रश्न उलटा केला : मूळ कागदच नसेल आणि संगणक थेट ड्रमवर प्रकाशाने लिहू लागला तर? लेझर तेव्हा फार महाग होता आणि वरिष्ठांना ही कल्पना पटली नाही. १९७१ मध्ये ते कॅलिफोर्नियातील पार्क या कंपनीच्याच नव्या संशोधन केंद्रात गेले आणि वर्षभराच्या आत चालते यंत्र उभे केले.

त्यात लेझरचा किरण अनेक पैलूंच्या फिरत्या आरशावर पडतो आणि प्रत्येक पैलू ड्रमवर एक ओळ ओढतो. पैलूंच्या कोनात किंचित जरी फरक असला तरी ओळी वरखाली होतात आणि इतका अचूक आरसा घडवणे न परवडणारे होते. स्टार्कवेदर यांनी मध्ये एक दंडगोलाकार भिंग बसवले. आरशाची चूक भिंगाने सुधारली आणि साधा, स्वस्त आरसा चालू लागला. १९७७ मध्ये आलेला 'झेरॉक्स ९७००' मिनिटाला १२० पाने छापत असे, पण तो खोलीभर आकाराचा होता.

इथे एक बारीक फरक आहे. जुन्या कॉपियरमध्ये अक्षरांच्या जागी प्रभार शिल्लक राहतो. लेझर प्रिंटरमध्ये सहसा उलटे असते : अक्षर जिथे हवे तिथलाच प्रभार लेझर घालवतो आणि टोनर त्या रिकाम्या जागी बसतो. पानावर पांढरा भाग जास्त असतो, त्यामुळे लेझरला कमी काम करावे लागते. आजची बहुतेक झेरॉक्स यंत्रे हीच आहेत. ती कागद स्कॅन करून लेझर किंवा एलईडीने छापतात. म्हणूनच एकदा स्कॅन करून पन्नास प्रती काढता येतात.

पेटंटचे कुलूप कसे उघडले?

कार्लसन यांच्या १९४२ च्या मूळ पेटंटची मुदत १७ वर्षांची होती. म्हणजे ९१४ लोकांसमोर आले त्याच वर्षी, १९५९ मध्ये ते संपले. तरीही पुढची अनेक वर्षे साध्या कागदावर प्रत काढणाऱ्या यंत्रांच्या बाजारात झेरॉक्सला आव्हान देणारे जवळपास कोणी नव्हते. कारण सेलेनियमपासून कागद सरकवण्यापर्यंतच्या सुधारणांवर स्वतंत्र पेटंटे होती. मूळ कल्पना सर्वांना खुली होती, पण ती चालवण्याचा प्रत्येक व्यवहार्य मार्ग बंद होता.

काहींनी वळसा घातला. आयबीएमने १९७० च्या आपल्या कॉपियरमध्ये सेलेनियमऐवजी सेंद्रिय पदार्थाचा प्रकाशवाहक वापरला. त्याच वर्षी जपानच्या कॅननने आपल्या पद्धतीने साध्या कागदावर प्रत काढणारे यंत्र आणले. मात्र मोठा बदल झाला तो अमेरिकेतील फेडरल ट्रेड कमिशनच्या कारवाईने. मक्तेदारीच्या आरोपावरून सुरू झालेले हे प्रकरण १९७५ मध्ये समझोत्याने मिटले आणि झेरॉक्सला आपली पेटंटे प्रतिस्पर्ध्यांना वापरू देणे मान्य करावे लागले. त्यानंतर जपानी कंपन्यांची लहान आणि स्वस्त यंत्रे बाजारात उतरली.

दुसरे कुलूप दुरुस्तीचे होते. ड्रम झिजतो, पट्टी झिजते, भुकटी सांडते; यासाठी दर वेळी तंत्रज्ञ बोलवावा लागे. कॅननने १९८२ च्या पीसी-१० आणि पीसी-२० या यंत्रांत ड्रम, टोनर आणि सफाईची पट्टी एकाच डब्यात बसवली. टोनर संपला की झिजणारे सगळे भाग एकदम बदलले जाऊ लागले. याच कॅननच्या यंत्रणेवर एचपीने १९८४ मध्ये पहिला लेझरजेट ३,४९५ डॉलरना आणला : मिनिटाला आठ पाने, इंचाला ३०० ठिपके. पुढच्या वर्षी अ‍ॅपलचा लेझररायटर आला आणि 'डीटीपी'चे युग सुरू झाले. आपल्याकडे खिळे जुळवण्याचे काम मागे पडून गावोगावी 'डीटीपी सेंटर' दिसू लागली आणि बटर पेपरवर लेझर प्रिंट काढून त्यावरून ऑफसेटची प्लेट होऊ लागली, ती याच वाटेने.

टोनर शाई नाही, मग काय आहे?

टोनर म्हणजे मुख्यतः प्लास्टिक. स्टायरीन-अ‍ॅक्रिलेट किंवा पॉलिएस्टरसारखे लवकर वितळणारे राळसदृश प्लास्टिक, काळ्या रंगासाठी कार्बन ब्लॅक, थोडे मेण, प्रभार नियंत्रित करणारी द्रव्ये आणि कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून अतिसूक्ष्म सिलिका. लहान प्रिंटरमधील अनेक टोनरमध्ये लोहाचे ऑक्साइड असते. त्यामुळे वेगळे वाहक कण लागत नाहीत, चुंबकच भुकटी उचलतो.

पूर्वी हे मिश्रण वितळवून, थंड करून दळले जाई. दळलेले कण खडबडीत आणि लहान-मोठे निघतात. नव्या पद्धतीत द्रवामध्ये सूक्ष्म कण एकत्र आणून हव्या त्या आकाराचे दाणे 'वाढवले' जातात. हे दाणे पाच-सहा मायक्रॉनचे असतात, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान. दाणे एकसारखे असले की कमी भुकटीत ठळक अक्षर येते, वितळायला उष्णताही कमी लागते आणि वीज वाचते. रंगीत यंत्रात निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा असे चार टोनर एकापाठोपाठ बसतात. अनेक रंगीत लेझर यंत्रे पानावर डोळ्यांना सहज न दिसणारे पिवळे ठिपकेही छापतात. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २००५ मध्ये अशा एका यंत्राच्या ठिपक्यांचा उलगडा केला, तेव्हा त्यात छपाईची तारीख, वेळ आणि यंत्राचा क्रमांक दडलेला आढळला. नोटांची नक्कल करणाऱ्यांचा माग काढणे हा त्यामागचा हेतू, पण ठिपके प्रत्येकाच्याच पानावर पडतात.

कण इतका बारीक असल्याने काळजीही हवी. कार्बन ब्लॅकला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 'संभाव्य कर्करोगकारक' गटात ठेवले आहे. बंद कार्ट्रिज बदलणाऱ्याला याचा फारसा प्रश्न नाही. बंदिस्त गाळ्यात दिवसभर उघडी भुकटी भरणाऱ्या कारागिराला मात्र मास्क आणि हवा खेळती ठेवणे गरजेचे आहे. अंगावर सांडलेला टोनर थंड पाण्याने धुवावा. गरम पाण्याने तो मऊ होऊन कापडाला पक्का चिकटतो.

भारतात 'झेरॉक्स' हा शब्द कसा रुजला?

मोदी उद्योगसमूह आणि रँक झेरॉक्स यांच्या भागीदारीतून १९८३ मध्ये 'मोदी झेरॉक्स' ही कंपनी उभी राहिली. ब्रँडचे नाव हळूहळू वस्तूचे, मग दुकानाचे आणि शेवटी कृतीचेच झाले. आज यंत्रावर कॅनन, रिको, क्योसेरा असे कोणतेही नाव असले तरी पाटीवर 'झेरॉक्स'च असते.

स्वस्त प्रतींनी कायद्यासमोरही प्रश्न उभा केला. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या दुकानात अभ्यासक्रमातील निवडक प्रकरणांचे संच मिळत. ऑक्सफर्ड, केंब्रिज यांसह प्रकाशकांनी २०१२ मध्ये त्याविरुद्ध दावा केला. दिल्ली उच्च न्यायालयाने १६ सप्टेंबर २०१६ रोजी तो फेटाळला. अध्यापनाच्या ओघात केलेल्या प्रतींना कॉपीराइट कायद्यातील अपवाद लागू होतो, असे न्यायालयाचे म्हणणे होते. खंडपीठाने काही मुद्दे पुन्हा तपासायला सांगितले, पण तत्त्व कायम राहिले आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. अख्खे पुस्तक झेरॉक्स करून विकण्याची मुभा या निकालाने दिलेली नाही.

मग कार्ट्रिजचे भांडण कशाचे?

ड्रम आणि टोनर एका डब्यात आल्याने ग्राहकाची सोय झाली, तशी कंपनीचीही झाली. प्रिंटर कमी नफ्यात विकायचा आणि कमाई कार्ट्रिजवर करायची. साहजिकच रिकामे कार्ट्रिज पुन्हा भरून देणारा व्यवसाय उभा राहिला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत 'टोनर रिफिलिंग'च्या पाट्या दिसतात.

कंपन्यांनी यावर दोन उपाय केले. पहिला कायद्याचा. अमेरिकेत लेक्समार्क कंपनी सवलतीत कार्ट्रिज विकताना 'पुन्हा भरणार नाही, फक्त आम्हालाच परत करू' अशी अट घाले. इम्प्रेशन प्रॉडक्ट्स या लहान कंपनीने अशी वापरलेली कार्ट्रिज भरून विकली, तेव्हा लेक्समार्कने पेटंटभंगाचा दावा केला. ३० मे २०१७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. करारभंगाचे काय ते ग्राहक आणि कंपनीने पाहावे, पण पेटंटचा आधार घेऊन रिफिल करणाऱ्याला अडवता येणार नाही.

दुसरा उपाय चिपचा. कार्ट्रिजवरची छोटी चिप प्रिंटरला 'मी मूळ आहे' असे सांगते. चिप ओळखीची नसेल तर प्रिंटर छापायला नकार देतो. चिपमधील प्रोग्रॅमवर कॉपीराइट सांगून नकली चिप रोखण्याचा लेक्समार्कचाच प्रयत्न २००४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयात टिकला नाही. तरीही तांत्रिक कुलूप राहिलेच. प्रिंटरच्या सॉफ्टवेअर अपडेटनंतर कालपर्यंत चालणारे रिफिल अचानक चालेनासे होण्याच्या तक्रारी जगभर आहेत. पेटंटला निदान मुदत असते, चिपला ती नसते.

भारतात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत कार्ट्रिजसह प्रिंटरचा समावेश आहे. म्हणजे रिकाम्या कार्ट्रिजची विल्हेवाट ही उत्पादकाचीही जबाबदारी आहे. जुने कार्ट्रिज न फेकता पुन्हा वापरणे या दोन्ही धोरणांशी सुसंगत आहे. मात्र कार्ट्रिजवरील चिपचे कुलूप चालू द्यायचे का, हा प्रश्न त्यातून सुटलेला नाही.

घरासाठी किंवा दुकानासाठी प्रिंटर घेताना काय पाहावे?

प्रिंटरची किंमत नव्हे, पानाची किंमत काढावी. कार्ट्रिजच्या खोक्यावर किती पाने निघतील याचा आकडा असतो. काळ्या टोनरसाठी तो 'आयएसओ/आयईसी १९७५२' या मानकाप्रमाणे मोजलेला आहे का, हे पाहावे. समजा, कार्ट्रिज ३,००० रुपयांचे आणि आकडा १,५०० पानांचा असेल, तर कागद आणि वीज सोडून एका पानाला दोन रुपये पडतात. नव्या प्रिंटरसोबत मिळणारे 'स्टार्टर' कार्ट्रिज अनेकदा अर्धवट भरलेले असते, हे लक्षात ठेवावे. ड्रम वेगळा बदलता येतो का आणि त्या मॉडेलचे रिफिल परिसरात मिळते का, हेही खरेदीआधीच विचारावे.

पानावर बिघाड दिसला तर कारण ओळखणे फार अवघड नसते. पानभर एक उभी काळी रेघ आली तर ड्रमवर चरा पडला असावा किंवा स्कॅनरच्या काचेवर डाग असावा. ठरावीक अंतराने तोच ठिपका पुन्हा पुन्हा येत असेल, तर ड्रम किंवा रोलरवर एका जागी दोष आहे. कारण ते अंतर त्याच्या घेराएवढे असते. अक्षरे बोटाने पुसली जात असतील तर उष्णता देणारा भाग कमी पडतो आहे. पावसाळ्यात प्रती फिकट येतात आणि कागद अडकतो, कारण दमट कागदावर प्रभार टिकत नाही आणि टोनर नीट उतरत नाही. अशा वेळी यंत्र बदलण्याआधी कागदाचे रीम बंद पिशवीत, कोरड्या जागी ठेवून पाहावे. ड्रम मात्र उजेडात उघडा ठेवू नये. त्याचे सगळे काम अंधारावर चालते.